भिंतीतली वाट

वायरमनच्या एका हातात एक इंची पाइपचा तुकडा होता, दुसऱ्या हातात एचडीएमआय वायर. तुकड्याच्या टोकाला काटकोनी एल्बो बसवलेला. वायरीचं डोकं सरळ पाइपात कसंबसं शिरलं आणि वळणाशी येऊन बसलं. त्यानं ते दोनदा ढकललं, एकदा फिरवून ढकललं, मग सगळं तसंच्या तसं घरमालकाच्या हातात दिलं.

‘भाऊ, हे तुम्ही काढून दाखवा पलीकडून.’

असोद्यातल्या या घराचं प्लास्टर अजून व्हायचं होतं. विटांच्या भिंतीत कटरनं मारलेल्या झिऱ्या, त्यात बसवलेले पाइप, जागोजागी लोखंडी डबे. हॉलच्या मोठ्या भिंतीवर खडूनं एक आडवा चौकोन काढलेला होता. पंचावन्न इंची टीव्ही तिथं येणार होता. आवाजाची पेटी मात्र टीव्हीखाली नको, कोपऱ्यातल्या कपाटात हवी, आणि एकही वायर दिसता कामा नये, अशी घराची मागणी होती. गवंडी सिमेंटच्या गोणीवर बसून वाट पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माल कालवणार होता, आणि त्यानंतर भिंतीत काय आहे हे भिंतीलाच ठाऊक.

घरमालक तिशीतला, केळी आणि कपाशीचा शेतकरी. त्यानं तुकडा डोळ्याशी धरून आत पाहिलं, टोक आपण एकदा ढकलून पाहिलं आणि हसला. ‘एल्बो घातलाय तुम्ही. याच्यातून पाणीसुद्धा कुरकुर करतं. लाँग बेंड टाका.’ मग मागच्या अंगणात गेला आणि शेतातल्या पाइपलाइनमधून उरलेला दोन इंची पाइप खांद्यावर घेऊन आला.

पुढची अर्धी चर्चा तिथंच संपली. होम थिएटर ही शहरी चैनीची गोष्ट वाटते. पण ज्यानं विहिरीपासून बांधापर्यंत पाइप पुरला आहे, चोक झालेली ठिबकाची नळी शोधत उन्हात फिरला आहे, त्याला भिंतीतल्या वायरींचा प्रश्न निम्मा आधीच कळलेला असतो.

पेटीतला टीव्ही, कागदासारखा टीव्ही

असोदा जळगावपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली त्या इथं जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी जगली ती कानांवर. त्या म्हणत गेल्या आणि ऐकणाऱ्यांनी, त्यात मुलगा सोपानदेवही, ती टिपून घेतली. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. गावाची दुसरी ओळख जिभेवरची. हिवाळ्यात इथल्या भरिताच्या वांग्यांसाठी लोक वाट वाकडी करून येतात, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे.

टीव्ही मात्र इथं उशिरा आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण खान्देशातल्या गावांपर्यंत चित्र पोचायला पुढची बारा-पंधरा वर्षं लागली. १९८४नंतर देशभर छोट्या प्रक्षेपण केंद्रांचं जाळं पसरलं, छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले, आणि १९८७ साली रविवार सकाळच्या ‘रामायणा’साठी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यावर आळी गोळा होऊ लागली. तो टीव्ही भिंतीवर लावायचा विचार कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. काचेची जड नळी पोटात घेऊन बसलेली ती पेटी दोघांनी उचलायची, टेबलावर ठेवायची, वरून भरतकामाचं कापड टाकायची. तिच्या पोटात जागा होती, म्हणून तिच्यात बऱ्यापैकी आकाराचा स्पीकर बसायचा आणि तो समोर, माणसांकडे तोंड करून असायचा. मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही संवाद ऐकू जायचे.

पडदा सपाट झाला तसा तो टेबलावरून भिंतीवर चढला. चित्र मोठं झालं, पेटी गेली, आणि पेटीबरोबर आवाजाची जागाही गेली. चार बोटं जाडीच्या टीव्हीत स्पीकर बसतात ते लहान, आणि बरेचदा तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे करून. खालचे, घुमणारे सूर काढायला स्पीकरला हवा हलवावी लागते. स्पीकरच्या एवढ्याशा पडद्यानं हवा हलणार किती? त्यामुळे पंचावन्न इंची चित्रातला नायक गर्जना करतो आणि कानावर येते ती डब्यातली कुरकुर. होम थिएटर घेणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात हौशीनं होत नाही. ‘आवाज नीट येत नाही’ या तक्रारीनं होते.

त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सण तोंडावर होता. केळीचे किंवा कापसाचे पैसे हातात आले की घरात ज्या वस्तू येतात, त्यांत मोठा टीव्ही पूर्वीपासून होताच. तो लावायला येणारा माणूस खोक्यातलं स्टँड भिंतीला ठोकून अर्ध्या तासात निघून जातो. खरं काम त्याच्या आधीचं असतं, आणि ते बहुतेक घरांत झालेलं नसतं.

एकाच पाइपातून उलटं पाणी

टीव्ही आणि आवाजाची पेटी जोडायच्या तीन-चार रीती आहेत. गावातला वायरमन त्या ‘तीन पिना’, ‘लाल लाईट’ आणि ‘एआरसी’ अशा ओळखीनं सांगतो.

तीन पिना म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची जुनी जोडणी. यातली पिवळी चित्राची. आवाजाला लाल आणि पांढरी पुरतात. दोन वायरी, दोन बाजूंचा आवाज, बस्स. लाल लाईट म्हणजे ऑप्टिकल. तोशिबानं १९८३ साली आणलेल्या या प्रकारात तांबं नसतंच. बारीक प्लॅस्टिकच्या तंतूतून आवाज लाल उजेडाच्या लुकलुकीनं जातो. वायर नीट आहे का हे पाहायला वायरमन टीव्ही चालू करतो आणि दुसरं टोक तळहातावर धरतो. हातावर लाल ठिपका पडला तर वाट मोकळी. ही वायर काटकोनात मुडपली की तंतू मोडतो आणि ठिपका गायब होतो.

तिसरी रीत आज सर्वांत सोयीची, पण सर्वांत गोंधळाचीही. एचडीएमआय वायर मुळात चित्र आणि आवाज टीव्हीत आणून सोडते. डिशचा डबा, मोबाइलवरून चालणारी स्ट्रीमिंगची काडी, डीव्हीडी प्लेयर, सगळ्यांचा ओघ टीव्हीकडे. मग टीव्हीत आलेला आवाज पेटीकडे न्यायचा कसा? २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत यावर तोड निघाली. त्याच वायरीतून आवाजाला परत फिरायची मुभा मिळाली. यालाच ‘ऑडिओ रिटर्न चॅनेल’, म्हणजे एआरसी म्हणतात. घरमालकाला हे समजावताना वायरमन म्हणाला, ‘समजा मोटर बंद केली आणि फूट व्हॉल्व नाही. मग पाणी त्याच पाइपातून मागे येतं की नाही? तसं. फक्त इथं दोन्हीकडचं एकाच वेळी चालतं.’

गोंधळ असा की टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असली तरी परतीचं दार एकालाच असतं. त्यावर बारीक अक्षरात ‘एआरसी’ लिहिलेलं असतं, आणि टीव्ही एकदा भिंतीला चिकटला की ते अक्षर कुणाला दिसत नाही. चुकीच्या भोकात वायर गेली तर चित्र येतं, आवाज येत नाही, आणि दोष पेटीवर जातो. शिवाय दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. तिचं मूळ नाव सीईसी. पण सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राविया सिंक. ती चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटनं पेटीचा आवाज कमी-जास्त होतो.

२०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ मध्ये परतीची वाट रुंद झाली. तिला ईएआरसी म्हणतात. जुन्या एआरसीतून सेकंदाला साधारण १ मेगाबिट आवाज जातो, नव्यातून ३७ पर्यंत. ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस दाबून लहान केलेल्या रूपात येतो, तो जुन्या वाटेनंही जाऊ शकतो. ब्लू-रे तबकडीवरचा, एकही कण न गाळलेला आवाज टीव्हीमार्फत पेटीकडे न्यायचा असेल तरच नवी वाट लागते. असोद्यातल्या किती हॉलमध्ये ब्लू-रे वाजतो, हा प्रश्न वायरमननं विचारला आणि स्वतःच हात झटकून उत्तर दिलं.

‘पेटी बिघडली’

त्याच दुपारी गावातल्या दुसऱ्या घरी त्याला बोलावणं होतं. टीव्ही भिंतीवर आधीच लागलेला. खाली शो-केसवर बाजारातून आणलेला पाच स्पीकर आणि एका मोठ्या डब्याचा संच: समोर निळा दिवा, यूएसबी, एफएम, ब्लूटूथ. तीन दिवस टीव्हीचा आवाज गप्प. मोबाइल जोडला की गाणं वाजतं, टीव्ही जोडला की शांतता.

असे संच जळगावच्या बाजारात भरपूर मिळतात. त्यांच्या मागे एचडीएमआय नसतं, लाल-पांढऱ्या पिनाच असतात. नव्या टीव्हीला मात्र पिनांची जागा उरलेली नाही; कित्येकांना हेडफोनचं भोकही नाही. मग मध्ये एक काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो. एका बाजूनं ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूनं पिना बाहेर. या घरात तो होता. त्याचा दिवाही पेटलेला होता.

वायरमननं पेटीला हात लावला नाही. रिमोट मागितला. सेटिंग, साउंड, मग ‘डिजिटल आउटपुट’. तिथं ‘ऑटो’ होतं. ते त्यानं ‘पीसीएम’ केलं आणि खोली एकदम बातमीदाराच्या आवाजानं भरली. शो-केसवरची भांडी थरथरली.

झालं होतं ते असं. ‘ऑटो’वर टीव्ही आवाज डॉल्बीच्या गाठोड्यात बांधून पाठवत होता. महागडी पेटी ते गाठोडं सोडते. स्वस्त कन्व्हर्टरला गाठ सोडता येत नाही. तो गाठोडं तसंच हातात धरून उभा राहतो. पीसीएम म्हणजे सुटा माल. सुटा माल कुणीही उचलतो. तीन दिवसांची चिंता आणि दुकानाची एक चक्कर, दोन्ही एका बटणाच्या मागे लपलेली होती.

तरी घरातल्या मुलाची तक्रार संपली नाही. मागचे दोन स्पीकर मुके होते. वायरमननं यूट्यूबवर एक अहिराणी गाणं लावलं, मग मालेगावकडचा विनोदी व्हिडिओ. दोन्ही वेळा पुढचे वाजले, मागचे नाहीत. ‘गाणंच दोन बाजूंचं आहे, तर मागं काय जाणार?’ डिशवरची बरीच चॅनेलं, यूट्यूबवरची गाणी, लग्नाची शूटिंग, हे सगळं डाव्या-उजव्या दोनच धारांचं असतं. पाच स्पीकर घेतले म्हणून पाच धारा होत नाहीत. शेवटी त्यानं संचाच्या रिमोटवर एक बटण दाबलं, तोच आवाज मागेही फिरवला, आणि मुलगा खूश झाला. जाणकाराच्या कानाला ते पटणार नाही, पण घर त्याचं होतं.

वायरीची जाडी आणि बंगईची जागा

पेटीपासून स्पीकरपर्यंतची वायर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. संचाबरोबर येते ती लाल-काळी, शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड. पुढच्या स्पीकरांना दोन मीटर लागतात, तिथं ती चालून जाते. मागच्यांची गोष्ट वेगळी. वायर आधी भिंतीवर चढते, छताजवळून हॉलची लांबी कापते, मग खाली उतरते. अठरा फुटी हॉलमध्ये हा प्रवास सहज दहा मीटरचा होतो. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांबं वीस मीटरचं.

पाव चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या लांबीचा रोध जवळपास १.४ ओहम भरतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच्याकडे निघालेल्या ताकदीचा चौथा हिस्सा भिंतीत गरम होऊन जिरतो. त्याच जागी दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर रोध पाव ओहमच्याही आत येतो. शेतकऱ्याला हे आकडे सांगावे लागत नाहीत. लांबच्या वाफ्याला पाणी न्यायचं तर पाइप मोठा टाकावा लागतो, हे त्यानं पैसे मोजून शिकलेलं असतं.

दुसरी चूक लाल-काळ्याची अदलाबदल. दोन स्पीकरांपैकी एकाची टोकं उलटी लागली तर आवाज बंद होत नाही, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांची हवा खातात आणि ढोलकीचा घुमार पातळ होतो. वायरमन दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवतो आणि पडदा बाहेर उसळतो की आत ओढला जातो ते बोट ठेवून पाहतो.

मग स्पीकर कुठं लावायचे हा वाद. पुस्तकी मांडणीत पुढचे दोन डाव्या-उजव्या हाताला तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांवर, म्हणजे कानाच्या जरासे पाठीमागे असतात. यासाठी मधोमध बसणारा एक माणूस गृहीत धरलेला असतो. असोद्याच्या हॉलमध्ये असा माणूस नसतो. एक सोफ्यावर, दोघं बंगईवर, पोरं खाली सतरंजीवर, आणि म्हातारी दाराशी, कारण तिला टीव्हीही पाहायचा असतो आणि रस्त्यानं कोण गेलं तेही. पुढेमागे हलणाऱ्या बंगईवर बसून सराउंड साउंड ऐकणाऱ्याच्या कानापुरती मांडणी दर झोक्याला बदलते.

टीव्हीची उंचीही अशीच तडजोडीची. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून शंभर-एकशेदहा सेंटिमीटरवर येतो; पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. पण खाली बसलेली पोरं, हात लावणारी त्याहून लहान पोरं, आणि ‘देवघराच्या खाली टीव्ही नको’ असं म्हणणारी वडीलधारी मंडळी या सगळ्यांमुळे खडूचा चौकोन दर बैठकीत वर सरकतो. पंचावन्न इंची पडद्यासाठी सात-साडेसात फुटांचं अंतर पुरतं. त्याहून दूर आणि थोडं वर असेल तर मान अवघडत नाही, एवढं वायरमन सांगतो आणि बाजूला होतो.

आवाजाचा शेवटचा वाटेकरी म्हणजे खोली. चकचकीत फरशी, सिमेंटच्या भिंती, काचेचं शो-केस असलेला नवा हॉल टाळी वाजवली तरी उलट बोलतो. संवाद त्यात विरघळून जातात आणि लोक आवाज आणखी वाढवतात. जळगावची प्रसिद्ध प्लॅस्टिकची चटई इथं उपयोगाची नाही. ती आवाज पीत नाही. जाड पडदा, गोधडी, गादी पितात. खान्देशात आणखी एक गोष्ट आहे. भाव पडलेले असले की कापूस विकायचा थांबवतात आणि घरातच भरून ठेवतात; कधीकधी थेट हॉलमध्ये, छताला टेकेपर्यंत. अशा हिवाळ्यात अर्ध्या हॉलमध्ये कापूस आणि अर्ध्यात माणसं असतात. अंग खाजतं, बसायला जागा नसते, पण टीव्हीचा आवाज स्टुडिओत ऐकावा तसा स्वच्छ येतो.

आणि नेमकं तेव्हाच वायरमनला भीती वाटते. सैल पिनेतून उडणारी एक ठिणगी, आणि समोर कोरडा कापूस.

दोनशे तीसचं चारशे

म्हणून टीव्हीमागचा सॉकेट हा त्याच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. टीव्ही, डिशचा डबा, काडी, कन्व्हर्टर, अशी किमान चार तोंडं तिथं हवीत. नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड टीव्हीमागे लोंबतो आणि त्यावर दुसरा. टीव्हीची स्वतःची लवचीक दोरी भिंतीत गाडायची नाही. ती त्यासाठी बनलेली नसते. भिंतीतून न्यायची ती फिटिंगची वायर, तिच्या वेगळ्या पाइपात. आवाज-चित्राच्या वायरींचा पाइप तिच्यापासून फूटभर लांब, आणि एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. समांतर चालल्या तर पन्नास हर्ट्झची गुणगुण आवाजाच्या वायरीत उतरू शकते.

गुणगुणीचं दुसरं कारण अर्थिंग. छतावरची डिश एका ठिकाणी जमिनीशी जोडलेली, पेटी दुसऱ्या. दोन जमिनींच्या पातळीत थोडा फरक पडला की त्या फरकाचा प्रवाह आवाजाच्या वायरीतून वाहतो आणि स्पीकर ‘घूंऽऽ’ करत राहतो. पहिला इलाज अंगणातला अर्थिंगचा खड्डा तपासायचा. कोळसा-मिठाचा तो खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. त्यात पाणी ओतायचं कुणाला आठवत नाही. दुसरा इलाज ऑप्टिकल वायर. तिच्यात धातूच नाही, त्यामुळे प्रवाहाला वाटच राहत नाही.

वीज कमी-जास्त होण्याची भीती जुनी आहे, पण आजचे बरेचसे टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतात. मारते ती वेगळी गोष्ट. खांबावर सामाईक न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरात दोनशे तीसच्या जागी चारशेच्या घरात व्होल्ट येऊ शकतात. एमसीबी जादा प्रवाहाला पडतो, जादा दाबाला नाही. मुख्य बोर्डात जादा व्होल्टेजला तोडणारं वेगळं यंत्र लागतं. वळवाच्या विजांसाठी उपाय आजही आजीच्याच काळचा आहे: पीन काढून ठेवायची. फक्त आता डिशची वायरही काढावी लागते. छतावर शिरलेला झटका डब्यात येतो, डब्यातून एचडीएमआयनं टीव्हीत आणि तिथून परतीच्या वाटेनं पेटीत.

बंद कपाटात ठेवलेल्या पेटीला खान्देशचा उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना कपाटात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पाठीमागे हवेला भोक आणि दाराला जाळी, एवढं सुताराला आधी सांगावं लागतं. जाळी मात्र बारीक हवी. धान्य असलेल्या घरात उंदीर असतातच, आणि वायरीचं प्लॅस्टिक त्यांना का आवडतं हे कुणी सांगू शकत नाही.

भिंत किती खोल कापायची

दोन इंची पाइपवर गवंड्याची हरकत होती. बांधकामातला जुना ठोकताळा असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नको आणि आडवी सहाव्या हिश्श्याहून. नऊ इंची भिंतीत दोन इंची पाइप उभा जातो, आडवा नाही. साडेचार इंचीत तो कसाच जात नाही. कॉलमला आणि बीमला तर हात लावायचाच नाही. म्हणून टीव्हीपासून पाइप सरळ खाली उतरला, जमिनीत कोबा व्हायच्या आधी फरशीखालून कोपऱ्याकडे वळला आणि कपाटात वर निघाला. प्रत्येक वळण लांब. विजेच्या वायरींचा पाइप आयएसआय शिक्क्याचा कंड्यूट. आवाज-चित्राच्या वायरींना शेतातला उरलेला तुकडा चालून गेला. पीव्हीसी पाइप हे या जिल्ह्याचं घरचं पीक म्हणावं असंच आहे. जैन इरिगेशन जळगावची, सुप्रीमचा कारखाना गाडेगावला.

एवढा मोठा पाइप कशाला, असा प्रश्न घरातल्या प्रत्येकानं एकेकदा विचारला. एचडीएमआयचं डोकं साधारण वीस मिलिमीटर रुंद असतं आणि ते वाकत नाही. शिवाय आजची वायर उद्याची नसते. तीन पिना गेल्या, लाल लाईट जात चालली, एआरसीचं ईएआरसी झालं. घर पन्नास वर्षांसाठी बांधतात. भिंतीत वायर पुरली तर ती बदलायला भिंत फोडावी लागते. भिंतीत वाट ठेवली तर जुनी ओढायची आणि तिच्याच शेपटीला नवी बांधायची. लांबचं अंतर असेल तर हल्ली तंतूंची एचडीएमआय वायर मिळते. ती बारीक आणि लांब पल्ल्याची, पण एकाच दिशेची. तिच्या टोकांवर कुठलं टीव्हीचं ते लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर पुन्हा पहिल्यापासून.

गावात अजून जुनी धाब्याची घरं आहेत. मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, उन्हाळ्यात गार. त्यात ड्रिल मारलं की भुगा निघतो, आणि प्लॅस्टिकची गिट्टी हातानं बाहेर येते. तिथं वायरमन भिंतीवर टीव्ही टांगायला सरळ नकार देतो, किंवा लाकडी खांबांना आडवी सागवानी फळी बोल्टनं कसून तिच्यावर स्टँड लावतो. पंधरा-अठरा किलोचा टीव्ही भिंतीला घट्ट असेल तर वजन खाली ओढतं; पुढे येणाऱ्या, फिरणाऱ्या स्टँडवर तोच टीव्ही वरच्या स्क्रूंना पहारीसारखा उपटतो. अशा घरांत वायरी बाहेरूनच, केसिंग पट्टीतून जातात आणि दिसतात. पण दुरुस्ती करताना त्या घराला एक टवका जात नाही.

सकाळी सात

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं म्हटल्याप्रमाणे माल कालवला. वायरमन त्याच्या आधी येऊन बसला होता. पाइपातून त्यानं नायलॉनची दोरी ओढून घेतली, दोन्ही टोकांना खिळे बांधले, म्हणजे ती आत सरकणार नाही. मग भिंतीला टेप लावून धरला आणि घरमालकाला फोटो काढायला सांगितलं: कोपऱ्यापासून पाइप किती, जमिनीपासून डबा किती, विजेचा पाइप कुठून वर गेलाय. पुढेमागे कुणी तसबिरीसाठी ड्रिल मारेल तेव्हा हे लागणार होतं. तीन फोनांत तेच फोटो गेले.

म्हातारी आजी दाराशी उभी होती. तिला एकच विचारायचं होतं.

‘मले फक्त सांज्याच्या बातम्या पाह्याच्या आहे, भो. हा डबा बंद पडला त आवाज कुठून येईन?’

‘टीव्हीतून येईल, आजी. एक बटण आहे.’

‘मले दाखवून ठेव मंग ते बटन. हे पोरं घरी नसता.’

वायरमननं टीव्ही आल्यावर दाखवायचं कबूल केलं. आता त्याला पाइपची तोंडं बंद करायची होती, नाहीतर सिमेंट आत उतरलं असतं. त्यानं कागद शोधला. गोणीचा तुकडा ओला होता. आजी आत गेली आणि मूठभर कापूस घेऊन आली, या वर्षीचा, सरकीसकट. त्याचे दोन बोळे करून त्यानं एक खालच्या तोंडात दाबला, एक वरच्या, आणि दोरीची टोकं बाहेर ठेवली.

गवंड्यानं थापीभर माल उचलून खडूच्या चौकोनावर मारला.